खिळे गेले, कंपोझिटर कुठे गेले?

‘ज्ञानोदय’ १८४२ साली आपल्या नगरहून सुरू झाले. छपाईतले अक्षर तेव्हा शिशाचा खिळा असे. काना, मात्रा, जोडाक्षरे धरून मराठीला शेकडो खिळे लागत. कोणता खिळा कुठल्या खान्यात, हे कंपोझिटरच्या बोटांना पाठ! १९९० नंतर गावोगावच्या छापखान्यांत डीटीपी आले. पान पडद्यावर जुळू लागले, चुकीसाठी खिळा उपटायला नको. जयंतीची पत्रके आम्हालाही रातोरात मिळू लागली, हे नाकारत नाही. पण खिळे भंगारात वजनावर गेले. ज्यांना मालकाने संगणकावर बसवले ते कंपोझिटर टिकले; बाकीच्यांना शिकवायला कोण थांबतो? कुणी वॉचमन झाले, कुणी हातगाडी लावली. शुद्धलेखनात ही माणसे पक्की. हल्लीच्या लग्नपत्रिका वाचताना आम्हाला त्यांची आठवण येते.