टीमसाठी नोंदींचे सॉफ्टवेअर

एकाच पानावर अनेकांनी लिहिण्याची सोय वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिल्या विकीतून खुली केली. आजची साधने त्याच कुळातली, पण स्वभाव वेगळे. बैठक चालू असतानाच चौघांनी मिळून टिपणे घ्यायची तर गूगल डॉक्स पुरते. नियमावली, कार्यपद्धती वर्षानुवर्षे सांभाळायच्या तर कॉन्फ्लुएन्स किंवा मीडियाविकी बरे. मीडियाविकी मोफत आहे. ते चालवणारा जाणकार मात्र फुकट मिळत नाही. कुठलेही साधन निवडताना शोध, परवानग्या, जुन्या आवृत्त्या पाहाव्यातच. खरी कसोटी लागते ती साधन सोडताना. उदाहरणार्थ, नोशन या साधनातली पाने मार्कडाउनमध्ये उतरवता येतात, पण डेटाबेसची सीएसव्ही फाइल हाती येते, फलक किंवा कॅलेंडरसारखी मांडणी जाते. पैसे भरण्याआधी दहा-वीस पाने बाहेर काढून उघडून पाहावीत.