विश्लेषण : युद्ध स्मारकांवर कोणाची नावे कोरली जातात? बसऱ्यातील आकड्यांपासून दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारकापर्यंत काय बदलले?

प्रजासत्ताक दिन, कारगिल विजय दिवस किंवा १६ डिसेंबरचा विजय दिवस आला, की दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पुष्पचक्र अर्पण केल्याची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. स्मारक म्हटले की ज्योत, स्तंभ आणि मानवंदना डोळ्यांसमोर येते. शहीद जवानाच्या घरच्यांची नजर मात्र भिंतीवरचे एक नाव शोधत असते. ते नाव तिथे असावे की नसावे, हे कोण ठरवते? पहिल्या महायुद्धात लढलेल्या हजारो भारतीय शिपायांची नावे भिंतीवर का आली नाहीत? आणि महाराष्ट्रातील जवानांच्या नोंदी नेमक्या कुठे सापडतात?

साध्या सैनिकाचे नाव कोरण्याची प्रथा कधीची?

लढाईत पडलेल्या वीराची आठवण दगडात कोरण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. गावोगावच्या देवळांबाहेर दिसणारे वीरगळ हे त्याचेच उदाहरण. मात्र बहुतेक वीरगळांवर लढाईचे शिल्प असते, वीराचे नाव नसते. पुढे युद्ध स्मारके म्हणजे राजे आणि सेनापतींचे पुतळे, नाही तर विजयस्तंभ असे समीकरण झाले.

याला एक ठळक अपवाद पुणे जिल्ह्यातच आहे. १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या लढाईच्या स्मरणार्थ ईस्ट इंडिया कंपनीने कोरेगाव भीमा येथे उभारलेल्या स्तंभावर ४९ सैनिकांची नावे आहेत. त्यातील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार समाजातील शिपाई होते. स्तंभ उभारणाऱ्यांचा हेतू कंपनीच्या विजयाचा होता. पण नावे कोरलेली असल्यानेच या स्तंभाला पुढे वेगळा अर्थ मिळाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी येथे भेट दिली आणि हे ठिकाण लाखो लोकांसाठी आत्मसन्मानाचे प्रतीक बनले.

पहिल्या महायुद्धाने काय बदलले?

१९१४ ते १९१८ या काळात मृतांची संख्या इतकी मोठी होती, की जुनी पद्धत पुरेशी राहिली नाही. ब्रिटिश साम्राज्याने १९१७ मध्ये इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन केले. आज ही संस्था कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या नावाने ओळखली जाते. हुद्दा, वंश किंवा धर्म न पाहता प्रत्येक मृत सैनिकाची आठवण त्याच्या नावानिशी जपायची, हे तिचे तत्त्व. ज्याची कबर सापडते त्याच्या कबरीवर नाव, ज्याची सापडत नाही त्याचे नाव स्मारकाच्या भिंतीवर.

बेल्जियममधील मेनिन गेटवर अशी ५४ हजारांहून अधिक नावे आहेत. त्यात ४०० हून अधिक भारतीय सैनिक आहेत. फ्रान्समधील न्यू शापेल येथे १९२७ मध्ये खास भारतीय सैनिकांसाठी स्मारक उभारण्यात आले. त्यावर ४,७०० हून अधिक भारतीय सैनिक व कामगारांचे स्मरण केले आहे.

मग बसऱ्यात नावांऐवजी आकडे का?

हे तत्त्व सगळीकडे सारखे पाळले गेले नाही. सर्वात बोलके उदाहरण इराकमधील बसरा स्मारकाचे. मेसोपोटेमिया मोहिमेत मरण पावलेल्या आणि कबर अज्ञात असलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी ते १९२९ मध्ये खुले झाले. यात भारतीयांची संख्या मोठी होती. पण भिंतीवर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. त्याखालच्या हुद्द्यांवरील भारतीय जवानांच्या वाट्याला फक्त पलटणीचे नाव आणि पुढे मृतांचा आकडा आला.

महाराष्ट्रासाठी ही गोष्ट दूरची नाही. मेसोपोटेमियात लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच ‘पूना डिव्हिजन’ होते. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी या डिव्हिजनमधून लढल्या. एप्रिल १९१६ मध्ये कूत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकलेल्या सैन्याने शरणागती पत्करली, तेव्हा उपासमार आणि त्यानंतरच्या कैदेत असंख्य शिपाई दगावले. सातारा, रत्नागिरी, कुलाबा या पट्ट्यातून गेलेल्या अशा अनेकांची नोंद बसऱ्याच्या दगडावर एका आकड्यात सामावली. हे स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या आदेशाने मूळ जागेवरून हलवून वाळवंटात नेण्यात आले.

ही चूक मान्य झाली का?

झाली, पण शंभर वर्षांनी. कमिशनने नेमलेल्या विशेष समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय, पूर्व व पश्चिम आफ्रिकी, इजिप्शियन आणि सोमाली अशा ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण इतरांच्या तुलनेत असमान पद्धतीने झाले, असा निष्कर्ष समितीने काढला. आणखी किमान १ लाख १६ हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावानिशी नोंदच झाली नाही किंवा त्यांचे अजिबात स्मरण केले गेले नाही, असेही त्यात नमूद होते. तत्कालीन प्रशासनातील वंशभेदाची धारणा हे त्यामागचे एक कारण असल्याचे अहवालात मान्य करण्यात आले. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. राहिलेली नावे शोधण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले.

इंडिया गेटवर नेमकी कोणाची नावे आहेत?

एडविन लुटेन्स यांनी आराखडा केलेल्या या वास्तूची पायाभरणी १० फेब्रुवारी १९२१ रोजी झाली आणि १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. तिचे मूळ नाव ‘ऑल इंडिया वॉर मेमोरियल’. ४२ मीटर उंचीची ही कमान अविभाजित भारताच्या सुमारे ७० हजार मृत सैनिकांचे स्मारक आहे.

भिंतीवर मात्र १३ हजारांहून काही अधिक नावे आहेत. ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात मरण पावलेल्यांची. त्यात ब्रिटिश अधिकारीही आहेत. फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका येथे मरण पावलेल्यांची नोंद त्या-त्या देशांतील स्मारकांवर आहे. त्यामुळे इंडिया गेटवर आपल्या पणजोबांचे नाव शोधणाऱ्या अनेकांना ते सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ८७ हजार भारतीय सैनिक मरण पावले. त्यांची नावेही म्यानमारमधील रंगून स्मारक, सिंगापूर, इजिप्तमधील एल अलामीन आणि इटलीतील कॅसिनो अशा ठिकाणी विखुरलेली आहेत.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय स्मारकाला इतका उशीर का?

स्वतंत्र भारताचे सैनिक १९४७-४८ पासून लढत आणि प्राण देत आले. पण त्यांच्या नावांची राष्ट्रीय भिंत नव्हती. १९७१ च्या युद्धानंतर इंडिया गेटच्या कमानीखाली काळ्या संगमरवरी चौथऱ्यावर उलटी रायफल आणि त्यावर हेल्मेट अशी ‘अमर जवान ज्योती’ उभारण्यात आली. २६ जानेवारी १९७२ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तिचे उद्घाटन केले. पुढची पाच दशके राष्ट्राची श्रद्धांजली याच ज्योतीजवळ वाहिली गेली. तिथे नाव मात्र एकाही जवानाचे नव्हते.

स्वतंत्र स्मारकाची सैन्यदलांची मागणी १९६० पासूनची. जागेचा प्रश्न, इंडिया गेट परिसराचे स्वरूप बदलेल हा आक्षेप आणि सरकारी दिरंगाई यांत ती रखडली. २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्यानंतर आराखड्यासाठी जागतिक स्पर्धा झाली. तीत चेन्नईचे वास्तुविशारद योगेश चंद्रहासन यांच्या संस्थेचा आराखडा निवडला गेला. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी स्मारक राष्ट्राला अर्पण केले.

राष्ट्रीय युद्ध स्मारकाची रचना कशी आहे?

सुमारे ४० एकरांवरील हे स्मारक एकात एक अशा चार वर्तुळांचे आहे. मधोमध स्तंभ आणि अखंड ज्योत असलेले ‘अमर चक्र’. त्याबाहेर तिथवाल, रेझांग ला, लोंगेवाला, गंगासागर, ऑपरेशन ट्रायडंट आणि ऑपरेशन मेघदूत या मोहिमांची ब्राँझ शिल्पे असलेले ‘वीरता चक्र’. सर्वात बाहेर झाडांच्या रांगांचे ‘रक्षक चक्र’. आणि यांच्यामध्ये ‘त्याग चक्र’, म्हणजे नावांच्या १६ भिंती. प्रत्येक जवानासाठी स्वतंत्र ग्रॅनाइट पट्टिका असून तीवर त्याचा हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली आहे. जनरल असो वा शिपाई, पट्टिकेचा आकार एकच.

उद्घाटनावेळी येथे २५,९४२ नावे होती. १९४७-४८, १९६१ ची गोवा मुक्ती, १९६२, १९६५, १९७१, सियाचिन, श्रीलंकेतील शांतिसेना, कारगिल आणि दहशतवादविरोधी कारवायांतील जवानांचा त्यात समावेश आहे. यादी तेव्हाच बंद झाली नाही. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात धारातीर्थी पडलेल्या २० जवानांची नावे नंतर कोरण्यात आली. दररोज सायंकाळी एखाद्या जवानाच्या कुटुंबीयांच्या हस्ते येथे पुष्पचक्र अर्पण केले जाते.

ज्योत हलवण्यावरून वाद का झाला?

२१ जानेवारी २०२२ रोजी अमर जवान ज्योतीची ज्वाला राष्ट्रीय युद्ध स्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली. १९७१ आणि अन्य युद्धांतील जवानांची नावे इंडिया गेटवर नाहीत, ती नव्या स्मारकात आहेत, त्यामुळे ज्योतही तिथेच हवी, असे सरकारचे म्हणणे होते. १९७१ च्या विजयाशी जोडलेली भावना पुसली जाते, दोन्ही ज्योती का असू नयेत, असा विरोधी पक्षांचा आणि काही माजी सैनिकांचा सवाल होता. इतर अनेक माजी अधिकाऱ्यांनी निर्णयाचे स्वागत केले. त्याच वर्षी मे महिन्यात उलटी रायफल आणि हेल्मेटही राष्ट्रीय युद्ध स्मारकातील परमवीरचक्र विजेत्यांच्या अर्धपुतळ्यांच्या परिसरात नेण्यात आले.

महाराष्ट्र आणि गोव्यात अशी स्मारके कुठे?

पुणे छावणीत १९९८ मध्ये नागरिकांच्या देणग्यांतून उभे राहिलेले युद्ध स्मारक आहे. दिल्लीतील स्मारक होण्याच्या दोन दशके आधीचे हे काम. खडकीच्या वॉर सिमेट्रीतील स्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नोंद आहे. मुंबईत मशीद बंदर येथील इंडियन सेलर्स होममध्ये समुद्रात मृत्यू आलेल्या, कबरही न लाभलेल्या २,००० हून अधिक खलाशांची स्मृती जपली आहे. रोज शेजारून जाणाऱ्या अनेकांना त्याची कल्पना नसते. गोव्यात आयएनएस गोमंतकवरील स्मारक अंजदीव बेट मुक्त करताना १८ डिसेंबर १९६१ रोजी प्राण गमावलेल्या सात नौसैनिकांची आठवण सांगते.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावाचे नावच सैनिकी परंपरेतून आले. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवान कामी आले. रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे यांना इटलीतील शौर्यासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १० जुलै १९४४ रोजी त्यांना वीरमरण आले, तेव्हा ते २२ वर्षांचे होते. त्यांची कबर अज्ञात असल्याने नाव कॅसिनो स्मारकावर आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने येथेही त्यांचे स्मारक झाले.

कोणाची नावे अजूनही भिंतीबाहेर आहेत?

प्रत्येक भिंतीला एक नियम असतो आणि नियम म्हटला की कोणी तरी बाहेर राहतेच. राष्ट्रीय युद्ध स्मारक स्वातंत्र्योत्तर काळातील सैन्यदलांसाठी आहे. पोलीस आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठी दिल्लीत चाणक्यपुरी येथे वेगळे राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी ते खुले झाले, तेव्हा तेथील भिंतीवर ३४,८४४ नावे होती. दोन्ही महायुद्धांतील भारतीयांची सर्व नावे एकत्र असलेली भिंत मात्र भारतात नाही.

युद्धातून जिवंत परतलेल्या, पण त्या जखमांनी पुढे मरण पावलेल्यांचा प्रश्न जगभर अवघड ठरला आहे. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्ध स्मारकावर ५८ हजारांहून अधिक नावे आहेत. रासायनिक फवारणीमुळे झालेल्या आजारांनी किंवा मानसिक आघाताने नंतर दगावलेल्या माजी सैनिकांना त्या भिंतीवर स्थान नाही. त्यांच्यासाठी २००४ मध्ये जवळच एक पाटी बसवण्यात आली. तिच्यावर एकही नाव नाही.

कुटुंबीयांना नाव कसे शोधता येईल?

राष्ट्रीय युद्ध स्मारकात प्रवेश विनामूल्य आहे. भिंतीवरील नावाची जागा शोधण्यासाठी तिथे डिजिटल यंत्रे आहेत आणि स्मारकाच्या संकेतस्थळावरही नाव शोधता येते. महायुद्धांतील सैनिकांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो. बसऱ्याच्या दगडावर आकडा झालेले अनेक शिपाई तिथे नावानिशी सापडतात. काही नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही आहे. मात्र शंभर वर्षांपूर्वी इंग्रज कारकुनांनी ऐकून लिहिलेल्या मराठी नावांचे स्पेलिंग वेडेवाकडे असते. त्यामुळे एका नावाची दोन-चार रूपे टाकून पाहावी लागतात. पलटणीचा क्रमांक ठाऊक असेल तर काम सोपे होते. घरातील जुनी पदके नीट पाहावीत. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण बहुतेक वेळा कोरलेली सापडते.