‘बमर’ म्हणजे नेमकं काय? गाडी चुकली तर म्हणा, केळी आडवी झाली तर नको!

धुळ्याहून निघालात, पॅसेंजर रखडली आणि चाळीसगावला पुढची गाडी पाच मिनिटांनी हुकली. फॅमिली ग्रुपवर तुम्ही हे टाकलंत. पुण्यात आयटी कंपनीत असलेल्या मावसभावाचं एका शब्दात उत्तर आलं, ‘बमर!’

हा टोमणा आहे, शिवी आहे की सहानुभूती? मोबाइलवर अर्थ शोधला तर ‘निराशा’ किंवा ‘निराशाजनक गोष्ट’ असं दिसतं. अर्थ चुकीचा नाही, पण त्यावरून हा शब्द वापरता येत नाही. समोरच्यानं गाडी चुकल्याचं सांगितल्यावर मराठीत कुणी ‘निराशा!’ असं ओरडत नाही. आपण म्हणतो ‘अरेरे’, ‘काय रे हे’, आणि जळगावकडे असाल तर ‘जाऊ दे ना भो’. ‘बमर’ बहुतेक वेळा हेच काम करतो. तो निराशेचं नाव कमी आणि ऐकणाऱ्याची दाद जास्त आहे.

वाक्यात तो असा येतो. ‘व्हॉट अ बमर’, ‘दॅट्स अ बमर’, किंवा नुसताच ‘बमर’. म्हणजे जी गोष्ट बिनसली, ती गोष्ट ‘बमर’. माणूस खट्टू झाला असेल तर त्याच्यासाठी ‘बम्ड’ किंवा ‘बम्ड आउट’ असं म्हणतात. इथंच अनेकांची गल्लत होते. ‘आय अॅम बमर’ असं लिहिलंत तर तुम्ही नाराज आहात असा अर्थ निघत नाही. ‘आय अॅम बम्ड’ हे बरोबर. उच्चार ‘बमर’, दोन ‘एम’ असले तरी ‘बम्मर’ नाही.

वजन ओळखा

या शब्दाचं सगळं मर्म त्याच्या वजनात आहे, आणि शब्दकोश नेमकं तेच सांगत नाही. ‘बमर’ हलका आहे. आठवडाभर ठरवलेली शेतातली भरीत पार्टी आदल्या दिवशी रद्द झाली, तर बमर. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात कूलरची मोटर जळाली, बमर (दुपारी दोन वाजता जळाली तर जरा जास्तच). तिकीट काढून ठेवलं आणि शो रद्द झाला, बमर. इंजिनिअरिंगला एका मार्कानं विषय राहिला, तेही चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या गोष्टीवर आपण हसू शकतो, तिथपर्यंतच या शब्दाची हद्द आहे.

आता दुसरा प्रसंग घ्या. रावेर, यावल, मुक्ताईनगर पट्ट्यात केळीला वर्षभर सांभाळावं लागतं. लागवड, ठिबक, खतं, सगळा खर्च आधी होतो आणि पैसा घड कापल्यावर येतो. मे-जूनमध्ये वळवाचं वादळ येतं तेव्हा नेमकी कापणीला आलेली, घडांच्या भारानं वाकलेली झाडं आडवी होतात. २०१६ मध्ये ज्या जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या नशिबी हे वादळ नवीन नाही. समजा, अशा सकाळी काकांनी पडलेल्या बागेचा फोटो ग्रुपवर टाकला आणि शहरातल्या पुतण्यानं खाली ‘बमर’ लिहिलं. त्याच्या मनात वाईट काहीच नसेल. पण काकांनी अर्थ शोधला, तर आपलं वर्षाचं पीक आणि चुकलेली गाडी पुतण्याला एकाच मापाची वाटते, असंच त्यांना दिसेल.

इंग्रजीतच लिहायचं असेल तर इथं ‘आय अॅम सो सॉरी’ हवं. पण घरच्या माणसाला इंग्रजीत कशाला? ‘किती झाडं गेली? पंचनाम्याला कुणी आलं का? मी येऊ का?’ हे विचारलेलं बरं. मृत्यू, आजारपण, नोकरी जाणं, घटस्फोट, या सगळ्यालाही हाच नियम लागू. तिथं ‘बमर’ टाकू नये.

वजनाचं आणखी एक उदाहरण धुळेकरांना वेगळं समजावून सांगायला नको. धुळं म्हणजे चाळीसगावहून येणाऱ्या फाट्याचं शेवटचं स्टेशन. पुढे रूळच नाहीत, त्यामुळे लांबच्या प्रवासाला आधी चाळीसगाव गाठायचं. मनमाड-इंदूर मार्ग होईल, धुळं थेट उत्तरेशी जोडलं जाईल, हे ऐकण्यात कित्येक वर्षं गेली. अखेर २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी रुपये. गाडी तासभर उशिरा आली तर ‘बमर’ म्हणता येईल. पण मार्गाचीच वाट बघण्यात एक पिढी गेली, त्याला ‘बमर’ म्हणणं म्हणजे चेष्टाच. त्यासाठी आपल्याकडे ‘अपेक्षाभंग’ आहे आणि निवडणुकीच्या भाषणांपुरतं बोलायचं तर ‘भ्रमनिरास’ही.

मग मराठीत काय म्हणायचं?

सगळ्यात जवळचा शब्द ‘हिरमोड’. काहीतरी छान होणार म्हणून मन फुललेलं असतं आणि ते तिथंच कोमेजतं. ‘विरस’ त्याचा शेजारी, पण तो रंगात आलेल्या कार्यक्रमावर पाणी पडलं की वापरतात. कॉलेजच्या कट्ट्यावर मात्र ‘पचका’ आणि ‘पोपट’ यांचं राज्य आहे, आणि अनेक जण ‘बमर’चं भाषांतर बिनधास्त ‘पोपट झाला’ असं करतात. इथं थोडं थांबा. पोपट व्हायला प्रेक्षक लागतात. चारचौघांत तोंडावर आपटल्याशिवाय पोपट होत नाही, आणि तो झाला हे सांगणारा हसत असतो. ‘बमर’ला कुणी बघणारं असण्याची गरज नाही आणि म्हणणारा तुमच्या बाजूचा असतो. ‘तुझा पोपट झाला’ हे चिडवणं आहे, ‘बमर’ ही पाठीवरची थाप आहे. दोन्ही मित्रच म्हणतात, म्हणून गोंधळ होतो.

क्रिकेटमध्ये फरक लगेच कळतो. पावसानं साखळी सामना धुतला गेला तर बमर. पण १९ नोव्हेंबर २०२३ आठवा. सलग दहा सामने जिंकून भारत अहमदाबादला वर्ल्ड कपच्या फायनलला उतरला आणि ऑस्ट्रेलियानं सहा गडी राखून हरवलं. त्या रात्री कुणी ‘बमर’ म्हणालं असतं तर घरातून बाहेर काढलं असतं.

शब्द आला कुठून?

मूळ जर्मन आहे. ‘बुमेल्न’ म्हणजे रमतगमत हिंडणे आणि ‘बुमलर’ म्हणजे उनाड, रिकामटेकडा. जर्मन स्थलांतरितांबरोबर हा शब्द एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळला. १८६४ मध्ये, अमेरिकन यादवी युद्धात, जनरल शर्मनचं सैन्य अटलांटाहून सव्हाना या बंदराकडे निघालं. वाटेत शेतांवर, कोठारांवर धाडी घालून धान्य आणि जनावरं उचलून आणणाऱ्या त्याच्या सैनिकांना ‘बमर्स’ म्हणत. शेतकऱ्याची कोठारं लुटणाऱ्यांचं नाव आज शेतकऱ्याच्या नुकसानीवर सहानुभूती म्हणून टाइप होतं, हा योगायोग मला तरी बोचतो.

पुढे ‘बम’ला भिकार, टाकाऊ असा अर्थ चिकटला. मग १९६० च्या दशकात हिप्पींनी त्याला नवा जन्म दिला. अमली पदार्थ घेतल्यावर आलेला भयंकर, नकोसा अनुभव म्हणजे ‘बमर’. तिथून तो सौम्य होत होत कुठल्याही बारीकसारीक वाईट गोष्टीपर्यंत पोहोचला. आता त्यात नशेचा वास उरलेला नाही. अमेरिकेत शाळकरी मुलंही तो सहज वापरतात.

ब्रिटनमध्ये मात्र जपून. तिथं ‘बम’ म्हणजे पार्श्वभाग, त्याचं मूळ वेगळं. ‘बमर’ हा शब्द तिथं समलिंगी पुरुषांसाठी शिवी म्हणूनही वापरला गेला आहे. संदर्भ स्पष्ट असेल तर अमेरिकन अर्थ तिकडेही कळतो, पण लंडनच्या क्लायंटशी पहिल्याच कॉलवर तो न वापरलेला बरा.

ऑफिसचं म्हणाल तर टीमच्या चॅटवर चालतो. रजेच्या अर्जात, एचआरच्या मेलमध्ये किंवा मुलाखतीत ‘बमर’ लिहू-बोलू नका. तिथं ‘दॅट्स अनफॉर्च्युनेट’ किंवा ‘सॉरी टू हिअर दॅट’ म्हणा. आणखी एक, चॅटवर नुसतं ‘बमर’ लिहून पुढे पूर्णविराम दिला तर ते तुसडं वाटू शकतं. ‘बमर यार, आता पुढची गाडी किती वाजता?’ असं लिहिलं की आपुलकी पोहोचते.

आणि पाठवण्याआधी स्पेलिंग तपासा. ‘बमर’ आणि ‘बंपर’ यांत इंग्रजीत एकाच अक्षराचा फरक आहे, एकात दुसरा ‘एम’ आणि दुसऱ्यात ‘पी’. मोबाइलचा कीबोर्ड शहाणपणा करून एकाचं दुसरं करू शकतो. ‘बंपर’ आपल्याकडे पिकाला लावतात, सेलला लावतात, लॉटरीला लावतात. कुणाचा शो रद्द झाला आणि तुमच्याकडून ‘व्हॉट अ बंपर!’ गेलं, तर मग खुलासा तुम्हालाच करत बसावा लागेल.