मुरूम लागला की थांबायचं

मे महिन्याचं ऊन चढतंय. जटवाडा रस्त्याकडून हर्सूल तलावात उतरलं की आधी पायाखाली भेगाळलेली खपली फुटते, मग खालचा काळा गाळ चप्पल धरून ठेवतो. पाणी पार मध्यावर गेलंय. कोरड्या कडेला पोकलेन घरघरतंय आणि त्याच्यामागं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलीय.

धोतर-टोपीतले एक काका ट्रॉलीकडं बघतच नाहीत, त्यांची नजर खड्ड्यात. बकेट वर आली की मूठभर गाळ घेतात, बाटलीतलं पाणी शिंपडतात, तळहातावर गोळी वळतात. गुळगुळीत झाली. "घे आजून." पुढच्या बकेटीतली काही केल्या वळेना, पिवळट खडे बोटांना टोचतात.

"बस कर रे बाबा, मुरूम लागला."

"काका, दोन फूट जाऊ द्या की. खोली वाढंल."

"खोली वाढंल, पानी थांबंल का?"

खरं आहे. तळ फोडला तर पाणी खाली झिरपायला वाट होते. शिवाय शेतकऱ्याला मुरूम नकोच असतो. त्याचं गिऱ्हाईक रस्तेवाले आणि प्लॉटिंगवाले. 2017 मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली तेव्हापासून गाळाला मागणी आहे, पण वहीत फक्त खेपा मांडून भागत नाही. खेपेत काय चाललंय ते हातात घेऊन बघणारा माणूस लागतो.

काकांचं रान माळाचं, वीतभर मातीखाली खडक. "ह्यो पसरला की पिकाचं एक पानी वाचतं," ते सांगतात. गाळही चांगला मिळतोय, कारण खाम नदी डोंगरातून उतरून आधी इथं येते. शहर तिला नंतर भेटतं. खाली दिल्ली दरवाजाजवळच्या सलीम अली सरोवरात सांडपाण्यावर जलपर्णी माजते. तिथला गाळ असा डोळे झाकून कोण रानात टाकेल? इथंही वेफर्सची पाकिटं निघतातच म्हणा. ती बांधावर फिरायला येणाऱ्यांची. जुन्या शहरातल्या वस्त्या हेच पाणी पितात, हे पाकीट फेकताना कुणाच्या ध्यानात येत नसावं.

"तिकडं काळं हाय, मशीन तिकडं घे," काका हात करतात. पोकलेन वळतं. रांग मोडते, नंबरावरून कुरबुर सुरू होते. एक ट्रॅक्टरवाला खाली उडी मारतो.

"काका, उभ्या गाडीचं डिझेल कोन देनार?"

"आधी भरून तर घे, मग बोलू."