करडांची ऊब : घोळका आणि चीक

पौषातील थंडीत पहाटे गोठ्यात पाहिले असता नवजात करडे एकमेकांना बिलगून बसलेली दिसतात. थंडीपासून बचावाचा हा नैसर्गिक मार्ग होय. मात्र त्यास मर्यादा आहेत. त्या लक्षात न घेतल्यास एखादे करडू गारठून दगावते.

करडाच्या शरीराचे तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस असते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, शिवाय जन्मतः अंग ओले असते. त्यामुळे शरीरातील उष्णता झपाट्याने बाहेर जाते. करडे दाटीने बसल्यास प्रत्येकाचे थोडेच अंग उघडे राहते व ऊब टिकते.

परंतु घोळक्यात ऊब टिकते, तयार होत नाही. जन्मानंतर ती शरीरात साठलेल्या तपकिरी चरबीपासून व स्नायूंच्या थरथरीतून तयार होते. हा साठा थोड्याच वेळात संपतो. पुढील ऊर्जा चिकातून मिळते. म्हणून करडू जन्मताच कोरडे पुसून अर्ध्या ते एक तासात चीक पाजावा. दोन किलो वजनाच्या करडास पहिल्या २४ तासांत किमान २०० मि.ली. चीक तीन-चार वेळा विभागून द्यावा. जुळ्या-तिळ्यांतील दुबळे करडू सडापर्यंत पोहोचत नाही. असे उपाशी करडू घोळक्यात बसूनही गारठते. त्यास स्वतः धरून पाजावे.

रात्री पुढील बाबींकडे लक्ष द्यावे :

१) करडे एकमेकांच्या अंगावर चढून बसल्यास थंडी जास्त आहे असे समजावे. वाऱ्याच्या बाजूस गोणपाट लावावे. सैलसर पसरून झोपल्यास ऊब पुरेशी आहे.

२) डाल्याखाली कोरडे गवत अंथरावे व ओले होताच बदलावे. एका डाल्याखाली फार करडे कोंबू नयेत, खालचे करडू गुदमरते. डाल्यावर पोते टाकताना हवेस वाट ठेवावी.

३) एखादे करडू सुस्त वाटल्यास त्याच्या तोंडात स्वच्छ बोट घालून पाहावे. तोंड गार लागल्यास व ते चोखत नसल्यास त्यास जबरदस्तीने पाजू नये, चीक श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. प्रथम कोरडे करून ऊब द्यावी व पशुवैद्यकास बोलवावे. मान धरून चोखू लागल्यावरच कोमट चीक पाजावा.

थोडक्यात, रात्री गोठा बंद करण्यापूर्वी प्रत्येक करडाचे पोट हाताने चाचपून पाहावे. पोट भरलेले असेल, तरच घोळक्याची ऊब पहाटेपर्यंत पुरते.