विजेचा छोटा हत्ती आणि वर्ध्याचे रस्ते
वर्धा ते नागपूर अंतर सुमारे 75 किलोमीटर. 2022 मध्ये आलेल्या टाटा एस ईव्ही या विजेवरच्या ‘छोट्या हत्ती’ची बॅटरी 21.3 युनिटची, कंपनीने सांगितलेला पल्ला 154 किलोमीटर. पण भरलेला माल आणि विदर्भातला उन्हाळा यांमुळे तो घटतो. म्हणून जाऊन-येऊन करायचे तर वाटेत चार्जिंगची सोय हवीच. साध्या 3 किलोवॅटच्या चार्जरवर ही बॅटरी पूर्ण भरायला सात तास लागतात. जलद चार्जर बॅटरीला थेट डीसी वीज देतो, त्यामुळे वेळ बराच वाचतो. राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणात महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंग केंद्राचे उद्दिष्ट आहे. मात्र आर्वी, पुलगाव, हिंगणघाटच्या बाजारपेठांतही ती उभारायला हवीत. माल तिथेच चढतो-उतरतो.