डाग कुठे पडला, आणि कधी पडला

छताला ओल आली की पहिला संशय वरच्या मजल्यावर जातो. वरच्यांचं उत्तरही ठरलेलं असतं, ‘आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे, तुम्हीच येऊन बघा.’ बऱ्याचदा दोघंही खरंच बोलत असतात. फरशीखाली शिरलेलं पाणी स्लॅबवरून उताराच्या दिशेने, कधी विजेच्या नळीतून सरकत जातं आणि भलत्याच ठिकाणी बाहेर येतं. त्यामुळे जिथे डाग तिथेच गळती, हे धरून फोडाफोडीला सुरुवात करणं म्हणजे नाहक टाइल्सचा खर्च.

डाग कुठे आहे यापेक्षा तो कधी वाढतो, हे आधी दोन-चार दिवस बघावं. नळांना पाणी आणणाऱ्या पाइपात टाकीचा दाब चोवीस तास असतो. तो गळत असेल तर घर बंद असतानाही डाग ओलाच राहतो. सांडपाण्याच्या पाइपात मात्र वापर झाला तरच पाणी येतं. सकाळच्या आंघोळी आटोपल्यावर थेंब पडायला लागले आणि संध्याकाळपर्यंत ओसरले, तर तिथे बघा. ओल फक्त पावसाळ्यातच येत असेल तर गच्ची, बाहेरची भिंत किंवा खिडकीवरचा छज्जा तपासा. ते काम प्लंबरचं नाही, वॉटरप्रूफिंगवाल्याचं.

आणखी खात्री हवी असेल तर वरच्यांना विनंती करून एक चाचणी करता येते. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला फडक्याचा घट्ट बोळा लावायचा आणि जमिनीवर इंचभर पाणी काही तास साठवायचं. तेवढ्यात खाली ओल वाढली, तर फरशीच्या सांध्यांत किंवा खालच्या वॉटरप्रूफिंगच्या थरात दोष आहे. बोळा काढून पाणी सोडल्यावर वाढली, तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप. नुसत्या टाइल्स पाणी अडवत नाहीत, अडवतो तो त्यांच्याखालचा थर. म्हणूनच खालून छताला वॉटरप्रूफ रंग मारून फार तर एखादं वर्ष निघतं, मग पोपडे धरतात.

खर्च कुणाचा, यावरची भांडणं मात्र चाचणीने मिटत नाहीत. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने बघायची, घराच्या आतली दुरुस्ती सभासदाने. वरच्या बाथरूमची फरशी सोसायटीच्या गळ्यात मारता येत नाही.

‘नळ जोरात पिळला की थांबतो.’ थांबतो, पण आठवडाभर. जुन्या पद्धतीच्या नळात रबरी वायसर असतो. जोर लावला की तो चिरतो, मग आतली पितळी बैठकही झिजते. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळांत सिरॅमिकच्या चकत्या असतात, तिथे जोर लावण्यात काहीच अर्थ नाही. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला ८६,४०० थेंब होतात. कॉक बंद करून वायसर घरीच बदलता येतो. नवा घालूनही नळ ठिबकत असेल तर बैठक गेली, मग प्लंबरला बोलवा.

सगळ्यात हट्टी गैरसमज ॲसिडचा. मोरी तुंबली की बाटली उपडी! संडास धुवायचं ॲसिड म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक. पाण्याचे पांढरे क्षार ते काढतं, पण मोरी तुंबते केसांनी आणि सिंक तेला-तुपाने, त्यांना ते फारसं काही करत नाही. उलट क्रोम आणि सिमेंटचे सांधे खातं. त्याआधी कुणी ब्लीच ओतलं असेल तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. कॉस्टिकची पावडर केसांवर चालते खरी. पण ती टाकूनही पाणी उतरलं नाही, तर येणाऱ्या प्लंबरला तसं आधी सांगा. ट्रॅप उघडताना ते पाणी त्याच्या डोळ्यांत उडतं.

खरं तर बेसिनखालचा बॉटल ट्रॅप हाताने फिरवून उघडतो. खाली बादली ठेवा, नाक दाबा, गाळ काढा. नहाणी ट्रॅपमध्ये जाळीखाली एक वाटी असते, तिच्याभोवती केस अडकतात. ही वाटी ‘पाणी लवकर जातं’ म्हणून कायमची काढून ठेवणारी घरं कितीतरी आहेत, आणि मग तीच घरं वासाची आणि झुरळांची तक्रार करतात. ट्रॅपमधलं साधारण दोन इंच पाणीच गटाराचा वास अडवतं, आणि ते राहतं वाटीमुळे. मे महिन्यात गावाहून परतल्यावर घरात वास आला तर घाबरू नका. पाणी आटलेलं असतं, दोन तांबे ओता.

एकच बेसिन तुंबलं तर उपाय घरात. पण फ्लश केल्यावर मोरीत गुडगुड आवाज आला किंवा पाणी वर चढलं, तर पुढची मुख्य लाइन चोक आहे. तिथे रबरी पंप मारत बसू नये, सोसायटीला कळवून माणूस बोलवावा.

गीझरचं पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्वमधून थेंब पडतात, तो बिघाड नव्हे. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटरच्या टाकीत पाव लिटरहून जास्त. ते तिथून बाहेर येतं. तिथे बूच मारून ठेवणं म्हणजे टाकी फुटायला निमंत्रण. गीझर बंद असतानाही सतत गळत असेल तर मेकॅनिक हवा. आणि नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मीटरजवळचा मेन स्विच आधी पाडा; प्लंबरला नाही, इलेक्ट्रिशियनला फोन करा.